अक्षय काय राहते?



वैशाख शुद्ध तृतीया ही साडेतीन मुहूर्तांतील तिथी. 'क्षि' धातूचा अर्थ झिजणे, नाश पावणे. ज्याला क्षय नाही ते अक्षय. आज केलेले स्नान, दान, जप, तर्पण अक्षय होते असे शास्त्र सांगते. येथे सहज शंका येते. पुण्य सरले म्हणजे स्वर्गातला जीवही पुन्हा मृत्युलोकी येतो, असे गीतेच्या ९ व्या अध्यायात भगवंतच सांगतात. मग आजचेच पुण्य अक्षय कसे?

अहो, फळाच्या आशेने केलेले पुण्य म्हणजे माठातले पाणी. काढाल तेवढे कमी होणार. पण देवाला अर्पण करून जे विसरलो, त्याचा हिशेब कोणी ठेवायचा? 'मी दिले' हा भाव गेला, की क्षयालाही जागा उरत नाही.

जैन बांधवही हा दिवस पवित्र मानतात. त्यांचे पहिले तीर्थंकर ऋषभदेव. आपल्या भागवताच्या ५ व्या स्कंधातही नाभिराजाचे पुत्र म्हणून त्यांचे चरित्र आहे. जैन परंपरा सांगते, दीक्षा घेतल्यावर ते वर्षभर निराहार हिंडले. लोक रत्ने आणीत, हत्ती-घोडे आणीत. जे सोडून ते निघाले, तेच लोक पुढे करीत! मुनीला आहार कसा द्यावा, हे कोणालाच ठाऊक नव्हते. शेवटी हस्तिनापुरी श्रेयांसाने उसाचा रस दिला आणि पारणे झाले, ते याच तृतीयेला. म्हणून वर्षीतप करणारे जैन आजही उसाच्या रसाने उपवास सोडतात.

ही कथा मी कीर्तनात कित्येकदा सांगितली. पण सांगणे निराळे आणि कळणे निराळे. एका तृतीयेला मी पितरांच्या नावे उदककुंभ द्यायला बसलो होतो. पुढे वाळा घातलेला, गार पाण्याने भरलेला कुंभ. तेवढ्यात ऊसतोडीहून गावी परतणारी एक बाई कडेवर पोर घेऊन दारात आली. "महाराज, घोटभर पाणी द्या," म्हणाली. मी तिथी-वार-नक्षत्र उच्चारीत होतो. संकल्प मोडू नये म्हणून हातानेच 'थांब' अशी खूण केली. संकल्प पुरा झाला, वर पाहतो तो दार रिकामे! रस्त्यापर्यंत गेलो, ती दिसली नाही.

तो कुंभ मी यथाविधी दिला. पण पितर तृप्त झाले, असे म्हणायला जीभ वळेना. हत्ती-घोडे पुढे करणाऱ्यांत आणि माझ्यात भेद तो काय राहिला?

सज्जनहो, तेव्हापासून आमच्या दारात आधी रांजण भरतो, मग संकल्प. विधी सोडा असे मी म्हणत नाही. सोने घ्यायचे त्यांनी घ्यावे. पण दारी आलेल्याची तहान आधी ओळखा. त्याच्या मुखाने पांडुरंगच पाणी मागतो, ही आपली वारकऱ्यांची श्रद्धा. त्याला दिलेला घोट तेवढा अक्षय.

रामकृष्णहरि!