एका बोटाची उंची

आजचे चिंतन : भगवद्गीता, अध्याय १२, श्लोक १५

भक्ताची लक्षणं सांगताना भगवंत इथे एक कसोटी देतात : आपल्यामुळे दुसऱ्याला उद्वेग होतो का? रविवारी हा श्लोक मला गाडी दुरुस्त करताना आठवत होता.

दिसायला छान म्हणून मी गाडीला कॉइलओव्हर बसवून ती बरीच खाली घेतली होती. तेव्हापासून आई देवळात यायचं टाळू लागली. खोदून विचारलं, तर म्हणाली, "उतरताना गुडघे धरतात रे. गतिरोधकावर कमरेत कळ येते. तुझी हौस, म्हणून बोलले नाही."

मग गाडी जॅकने उचलून स्टँडवर ठेवली. नुसत्या जॅकच्या भरवशावर खाली हात घालायचा नाही. चाकं काढली, आटे ब्रशने साफ केले, हूक पान्याने लॉक रिंग सैल केली. डाव्या-उजव्या बाजूला सारखेच फेरे मोजून गाडी सुमारे २० मिलिमीटर वर घेतली आणि रिंग पुन्हा आवळली. एक चक्कर मारून चाकाच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंत टेप लावला. उंची बदलली की चाकांचे कोनही बदलतात, म्हणून सोमवारी अलाइनमेंट केलं.

हौस करणं चूक आहे का? मला तसं वाटत नाही. पण तिची किंमत दुसरंच कुणी गुपचूप भरत असेल तर? आई बोलली नाही, म्हणजे तिला त्रास नाही, असं मी सोयीने धरून चाललो होतो. तक्रारीची वाट न बघता विचारणं, हेही साधनेतच येतं.

आज आई देवळात आली. तुमच्याकडे कोण गप्प बसून सोसतंय? विचारून बघा.

रामकृष्ण हरी.