उचल, खाडे आणि कायद्याचे राज्य

चंद्रपूर जिल्ह्यात गुढीपाडव्याच्या सुमारास सालगडी, म्हणजे वर्षभरासाठी बांधलेला शेतमजूर, ठरतो. वर्षाची रक्कम बहुधा तोंडीच बोलली जाते, त्यातली काही उचल म्हणून आधीच हाती पडते आणि पुढे खाडे कापले जातात. ताप आला, सोयऱ्याकडे मयत झाली, तरी खाडा. साल संपताना हिशेब जुळला नाही, तर राहिलेली उचल पुढच्या सालावर चढते. सगळेच सालगडी असे अडकत नाहीत. पण उचल फिटेपर्यंत दुसरीकडे कामाला जाता येत नसेल, तर 1976च्या वेठबिगार निर्मूलन कायद्याने तो माणूस वेठबिगार ठरतो, मग करार त्याने कितीही राजीखुशीने केलेला असो.

हे सरळ वाटते, पण न्यायालयांना इथवर यायला फार वेळ लागला. ड्रेड स्कॉट या गुलामाच्या खटल्यात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने दोन्ही बाजूंचे युक्तिवाद ऐकले, लांबलचक निकालपत्र लिहिले आणि 1857मध्ये सांगितले की, आफ्रिकी गुलामांचे वंशज अमेरिकेचे नागरिक होऊच शकत नाहीत. वरकरणी कामकाजात खोट नव्हती. कायद्याचे राज्य म्हणजे ठरलेले नियम ठरल्याप्रमाणे लागू करणे, एवढेच असेल, तर त्यात गुलामगिरीही आरामात बसते.

आपल्याकडेही तसेच घडले. 1843च्या कायद्याने गुलामावरचा मालकी हक्क मान्य करायला कोर्टांना मनाई केली. त्यानंतर सोळा वर्षांनी दुसरा कायदा आला. उचल घेऊन काम सोडणाऱ्या मजुराला त्याने तुरुंग दाखवला, आणि तो रद्द व्हायला 1925 साल उजाडले. मालकी सुटली, पण उचलीचा फास सरकारनेच आवळला.

राज्यघटनेच्या 23व्या कलमाने वेठबिगारीवर बंदी घातली. त्या कलमाचा खरा अर्थ लागला तो 18 सप्टेंबर 1982 रोजी, गडचिरोली जिल्हा होऊन महिनाही झाला नव्हता तेव्हा. दिल्लीत आशियाई स्पर्धांसाठी राबणाऱ्या मजुरांच्या खटल्यात न्यायमूर्ती भगवती आणि बहरूल इस्लाम यांनी निकाल दिला: किमान वेतनाहून कमी पैशांत कोणी राबत असेल तर ती सक्तीची मजुरी होय, कारण भूकही सक्तीच असते. तेंदूपत्ता तोडणाऱ्या आणि बांबू कापणाऱ्या हातांसाठी याहून मोलाचा निकाल क्वचितच असेल. याच भगवतींनी 1976मध्ये, आणीबाणीत, स्थानबद्धांना कोर्टाचे दार बंद करणाऱ्या बहुमताला साथ दिली होती. त्या खटल्यात एकटे न्यायमूर्ती खन्ना विरोधात उभे राहिले. राज्यघटना तीच, न्यायाधीशही तेच. माणसाचे स्वातंत्र्य मात्र एकदा हरले, एकदा जिंकले.

म्हणूनच बाबासाहेब आंबेडकरांचे म्हणणे गंभीरपणे घ्यायला हवे. 1954च्या रेडिओ भाषणात त्यांनी सांगितले की, स्वातंत्र्य, समता, बंधुता ही तत्त्वे आपण फ्रेंच राज्यक्रांतीकडून नव्हे, बुद्धाकडून घेतली. कायद्याला त्यांनी रक्षकाची जागा दिली, पण हमी मानली नाही. खरे संरक्षण त्यांना बंधुतेत दिसले, आणि बंधुतेचेच दुसरे नाव धर्म, असे ते म्हणाले. घटनेच्या मसुदा समितीचा अध्यक्ष हे सांगतो, याला फार वजन आहे. 16 ऑक्टोबर 1956 रोजी, नागपूरच्या दीक्षेनंतर दोनच दिवसांनी, त्यांनी चंद्रपुरात लोकांना धम्मदीक्षा दिली.

पण बंधुतेलाही सरकारी पायवाट लागते, आणि ती कायद्यात आखलेली आहे. प्रत्येक जिल्ह्यात व उपविभागात दक्षता समिती हवी, तिच्यावर अनुसूचित जाती-जमातींचे स्थानिक प्रतिनिधी हवेत आणि जिल्ह्याच्या समितीचे अध्यक्षपद जिल्हाधिकाऱ्यांकडे किंवा त्यांनी नेमलेल्या व्यक्तीकडे हवे, असे 1976चा कायदा सांगतो. चंद्रपूर-गडचिरोलीच्या वाचकांनी आपापल्या जिल्हाधिकारी कार्यालयात एक अर्ज जरूर द्यावा आणि विचारावे: ही समिती शेवटची कधी बसली, आणि तिने किती सालगड्यांचे हिशेब तपासले?