सत्र रंगले, पण शिकले कोण?

'डॉ. मायरन फॉक्स' नावाचा एक वक्ता अमेरिकेत मानसोपचार आणि मानसशास्त्राच्या जाणकारांपुढे व्याख्यान द्यायला उभा राहिला. गणितातल्या खेळ-सिद्धांताचा डॉक्टरांच्या शिक्षणात काय उपयोग होतो, हा विषय होता. वक्ता खरे तर नट होता. विषयाचा त्याला गंधही नव्हता. परस्परविरोधी विधाने, निरर्थक शब्दजुळणी, अधूनमधून विनोद, आणि हे सारे पूर्ण आत्मविश्वासाने, असे संशोधकांनी त्याच्याकडून घोटून घेतले होते. 1973 मध्ये प्रसिद्ध झालेल्या या प्रयोगात समोर बसून आणि चित्रफितीवर मिळून 55 जणांनी त्याला ऐकले. बहुतेकांना व्याख्यान आवडले. नटाचे सोंग एकालाही ओळखता आले नाही. एकाने तर या डॉक्टरांचे लेखन आपण पूर्वी वाचल्याचे नोंदवले.

हे श्रोते शिकलेसवरलेले होते, म्हणूनच हा प्रयोग अस्वस्थ करतो. श्रोता रमला म्हणजे तो शिकला, हे गृहीतक आपल्याकडच्या बहुतेक प्रशिक्षणांच्या मुळाशी आहे. शिक्षकांचे प्रशिक्षण असो, बँकेतले किंवा कारखान्यातले, सुरुवातीला एखादा खेळ, मग पीपीटी, मध्ये चहा, शेवटी टाळ्या आणि अभिप्रायाचा फॉर्म. 'सत्र कसे वाटले?' या प्रश्नापुढे 'उत्कृष्ट'वर खूण होते आणि साधनव्यक्ती यशस्वी ठरते. त्या खुणेवरून सत्र आवडले एवढे कळते. कोणाच्या डोक्यात काय उतरले, ते कळत नाही.

हार्वर्ड विद्यापीठातल्या एका अभ्यासाने ही दरी नेमकी दाखवली. 2019 मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात भौतिकशास्त्राच्या विद्यार्थ्यांचे दोन गट केले. एका गटाने अनुभवी प्राध्यापकांचे ओघवते व्याख्यान ऐकले, दुसरा तोच भाग छोट्या गटांत गणिते सोडवत शिकला. पुढच्या विषयाला गटांची अदलाबदल झाली. चाचणीत दोन्ही वेळा स्वतः झगडलेला गट सरस ठरला; पण आपण जास्त शिकलो असे व्याख्यान ऐकणाऱ्यांनाच वाटत होते. अडखळणे, चुकणे, शेजाऱ्याशी वाद घालणे यांत माणसाला आपले अज्ञान जाणवते आणि ती जाणीव सुखाची नसते. म्हणून चांगल्या सत्राला तत्काळ कमी गुण मिळू शकतात. सुलभकाने हे सुरुवातीलाच मोकळेपणाने सांगितले तर श्रोते त्या त्रासाला तयार होतात.

त्याच विद्यापीठातले एरिक माझूर 1990 च्या सुमारास अशाच धक्क्यातून गेले. विद्यार्थ्यांकडून चांगला अभिप्राय मिळवणाऱ्या या प्राध्यापकाने न्यूटनच्या नियमांवर साधे, दैनंदिन भाषेतले प्रश्न विचारले, तेव्हा अवघड गणिते सोडवणारी मुलेही गोंधळली. मग त्यांनी रीत बदलली. एक प्रश्न टाकायचा, प्रत्येकाने एकट्याने उत्तर ठरवायचे, मग शेजाऱ्याला पटवून द्यायचे आणि पुन्हा उत्तर द्यायचे. त्यांच्या गटाने वर्गातल्या प्रात्यक्षिकांचाही अभ्यास केला. नुसते प्रात्यक्षिक पाहणाऱ्या मुलांची समज ते न पाहिलेल्यांपेक्षा फारशी वाढली नाही. 'आता काय होईल?' याचा अंदाज आधी बांधणाऱ्यांची मात्र स्पष्टपणे वाढली. जास्तीचा वेळ लागला तो जेमतेम दोन मिनिटे.

महाराष्ट्राला ही रीत परकी नाही. गाडगेबाबांच्या कीर्तनात हजारोंचा समुदाय असे, हाती ना फळा ना पडदा. बाबा वऱ्हाडी बोलीत प्रश्न टाकत, समुदाय उत्तर देई आणि त्या उत्तरातूनच पुढचा प्रश्न निघे. कर्ज काढून केलेले सण, बोकडाचा बळी, दारू, शिवाशीव, मुलांची शाळा. निष्कर्ष लोकांच्या स्वतःच्या तोंडून निघे, म्हणून तो नाकारणे अवघड जाई. कीर्तन रंगतही असे, यात वाद नाही. पण तो रंग लोकांना विचाराला लावण्यासाठी होता.

आजच्या सभागृहात 'समजले का?' असे विचारले की 'हो' असा सामूहिक घोष येतो. तो प्रश्नच निरुपयोगी आहे. केंद्रप्रमुख किंवा साहेब मागे बसलेले असताना चुकीचे उत्तर देण्याची हिंमत कनिष्ठाने का करावी? म्हणून उत्तर आधी कागदावर, नावाशिवाय घ्यावे. मग जोडीत बोलायला लावावे. चर्चा त्यानंतर उघडावी. साठ स्लाइडच्या पंधरा कराव्या लागल्या तरी चालेल. उरलेला मजकूर छापून देता येतो.

प्रशिक्षणे भरवणाऱ्या शासकीय विभागांना आणि संस्थांना एक विनंती आहे. अभिप्रायाचा फॉर्म हवा तर ठेवावा, पण सत्राआधी विचारलेले तीन प्रश्न महिन्याभराने त्याच माणसांना पुन्हा विचारावेत आणि साधनव्यक्तीला पुढचे बोलावणे धाडताना ती उत्तरे समोर ठेवावीत.