पाहुणा की शेजारी?



स्वतःचे घर, भाषा आणि नातीगोती मागे ठेवून परदेशात सेवेसाठी जाणारे पती-पत्नी पाहिले की आपल्या मनात दोन विचार येतात. पहिला कौतुकाचा: एवढे धैर्य यांना कुठून मिळाले? दुसरा जरा टोचणारा: आपल्याच दारात इतकी गरज असताना इतक्या लांब जायचे कशाला? घरचं झालं थोडं अन् व्याह्यानं धाडलं घोडं, अशी म्हण आपल्याकडे आहेच. नांदेड-लातूरकडच्या माणसाला दुसरा विचार लवकर पटतो. पण दोन्ही विचारांच्या मुळाशी एकच समजूत आहे: सेवा म्हणजे ज्याच्याकडे आहे त्याने ज्याच्याकडे नाही त्याला देणे. ही समजूत तपासून पाहू या.

अमेरिकेची ‘पीस कोअर’ ही संस्था १९६१ साली सुरू झाली. तिच्यात विवाहित जोडपीही जातात. मात्र पती आणि पत्नी दोघांनाही स्वतंत्रपणे पात्र ठरावे लागते. साधारण तीन महिन्यांचे प्रशिक्षण आणि मग दोन वर्षांची सेवा, अशी तिची रीत. याच संस्थेतर्फे लिलियन कार्टर ही परिचारिका १९६६ साली, वयाच्या ६८ व्या वर्षी मुंबईत आली आणि विक्रोळीच्या गोदरेज वसाहतीत तिने जवळपास दोन वर्षे काम केले. तिचा मुलगा जिमी पुढे अमेरिकेचा अध्यक्ष झाला.

आता प्रश्न असा, की प्रशिक्षण संपल्यावर माणसाच्या हाती नेमके काय येते? ॲरिस्टॉटलने कौशल्य आणि शहाणपण यांत भेद केला आहे. कौशल्य शिकवता येते. इंजेक्शन कसे द्यावे, विहीर कुठे खणावी, हे वर्गात समजते. पण या माणसाशी, या वेळी, कसे वागणे योग्य आहे, हे शहाणपण अनुभवानेच येते. प्रशिक्षणाच्या दाखल्यावर कौशल्याची नोंद असते. शहाणपण त्या गावात राहूनच कमवावे लागते.

आपल्या शेजारचेच उदाहरण घ्या. डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी वेल्लोरच्या ख्रिस्ती वैद्यकीय महाविद्यालयात शिक्षण घेतले. १९६० साली विवाह झाला तेव्हाच खेड्यातील वंचितांसाठी आयुष्य द्यायचे, असे दोघांनी ठरवले होते. पुढे अमेरिकेत जाऊन त्यांनी सार्वजनिक आरोग्याचे शिक्षण घेतले आणि १९७० साली जामखेडला मुक्काम टाकला. जामखेड तेव्हाच्या अहमदनगर, आजच्या अहिल्यानगर जिल्ह्यात, बीड आणि धाराशिवच्या सीमेला लागून आहे. परदेश नव्हे; पण जबलपुरात जन्मलेल्या मेबलबाईंना ते काही माहेर नव्हते.

सुरुवातीला त्यांनी प्रशिक्षित नर्स गावोगावी ठेवून पाहिल्या. ते जमले नाही. मग गावानेच निवडलेल्या बायकांना त्यांनी शिकवायला घेतले. त्यातल्या बहुतेक निरक्षर होत्या, अनेक दलित समाजाच्या होत्या. या बायकांनी बाळंतपणे केली, पाणी, आहार आणि स्वच्छता यांविषयी घरोघरी सांगितले. त्या भागात हजार जन्मांमागे पावणेदोनशेच्या आसपास बालके वर्षाच्या आत दगावत असत. पुढच्या दोन-तीन दशकांत हे प्रमाण पन्नासच्या खूप खाली आले. १९७९ साली या दांपत्याला मॅगसेसे पुरस्कार मिळाला. मेबलबाई १९९९ साली गेल्या, रजनीकांत २०११ साली. काम मात्र थांबले नाही, कारण ते गावातल्या बायकांच्या हाती आलेले होते.

कोणी म्हणेल, संकटात इतका वेळ कुठे असतो? खरे आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला. सुमारे आठ हजार माणसे गेली. तेव्हा ढिगारा उपसणाऱ्याला कोणी भाषा विचारली नाही, विचारायचीही नव्हती. पण पुनर्वसनाची वेळ आली तेव्हा गोष्ट बदलली. ५२ गावे नव्या जागी वसवली गेली. रस्ते सरळ आणि रुंद झाले, घरे रांगेत उभी राहिली. जुने वाडे, गल्ल्या आणि शेजार मात्र त्या आखणीत राहिले नाहीत. ते घर ‘आपले’ वाटायला अनेकांना फार काळ लागला. जीव वाचवायला धावून जाणे पुरते. जीवन उभे करायला आधी ऐकावे लागते.

पवित्र शास्त्रातील अक्विल्ला आणि प्रिस्किल्ला हे दांपत्य आठवा. रोममधून हाकलले गेले, करिंथला आले, तंबू शिवून पोट भरू लागले. पौल त्यांच्याच घरी राहिला. पुढे इफिसास अपुल्लोची शिकवण अपुरी आहे हे त्यांच्या लक्षात आले, तेव्हा त्यांनी त्याला चारचौघांत खाली पाहायला लावले नाही. जवळ घेऊन समजावले. ते पाहुण्यासारखे राहिले नाहीत. काम, घर, जेवण, सारे त्या गावाशी जोडून घेतले, म्हणून त्यांचा शब्द ऐकला गेला.

तेव्हा जवळ की लांब, हा प्रश्न मला दुय्यम वाटतो. संत थॉमस अक्वायनस सांगतात की प्रेम करणे म्हणजे दुसऱ्याचे भले इच्छिणे. आणि ज्याचे भले इच्छायचे त्याला आधी ओळखावे लागते. शेजारच्या गल्लीतल्या माणसाला न ओळखता केलेली मदतही परकीच असते. हजारो मैल दूर जाऊन तिथल्या माणसाकडून चार गोष्टी शिकणारा मात्र त्याचा शेजारी होतो.

आपल्यापैकी फार थोडे जण परदेशी सेवेला जातील. पण दुसऱ्या प्रांतातून आलेल्या सिस्टर, फादर, नर्स, मजूर आपल्यात राहतातच. त्यांना शेजारी होऊ देणे हे यजमानाचे, म्हणजे आपले काम आहे. त्यांचे मराठी चुकले तर हसू नका, दुरुस्त करा. त्यांचे चुकत असेल तर मागे कुजबुजू नका, अक्विल्ला-प्रिस्किल्लाप्रमाणे घरी बोलावून सांगा. या आठवड्यात अशा एका तरी व्यक्तीला जेवायला बोलवा आणि तिच्या गावाविषयी विचारा.

प्रभू आपणा सर्वांस आशीर्वादित करो.

आपला,
धर्मगुरू