विचारावं की राहू द्यावं?

शंका : आमच्या दिंडीतली एक मैत्रीण अनेक वर्षं माझ्या बरोबरीनं वारीला चालते. यंदा तिनं दिंडीत नाव दिलं नाही. 'या वर्षी जमणार नाही,' एवढंच म्हणाली. बाकीच्या बायका मलाच खोदून विचारतात. तिला कारण विचारलं तर ती दुखावेल, न विचारलं तर हिला माझी पर्वाच नाही असं तिला वाटेल. शिवाय वारी चुकल्याचा दोष तिला लागेल का?
— एक वारकरी भगिनी, फलटण

समाधान : ताई, जरूर विचारा. पण दिंडीतल्या बायकांना उत्तर हवंय म्हणून जाणार असाल तर जाऊ नका. तिची काळजी वाटते म्हणून जाणार असाल तर आजच जा.

भागवताच्या दशम स्कंधातली सुदाम्याची कथा तुम्ही कीर्तनात ऐकलीच असेल. सुदामा द्वारकेला येतो तेव्हा अंगावर फाटकं वस्त्र, शरीर वाळलेलं. दारिद्र्य लपण्यासारखं नव्हतंच. कृष्ण त्याचे पाय धुतो, त्याचा हात हातात घेऊन बोलत बसतो. गुरू सांदीपनींच्या आश्रमातले दिवस आठवतो, लाकडं आणायला गेले असता रानात गाठलेल्या वादळी पावसाची आठवण काढतो. लग्न केलंस ना, असंही विचारतो. माझ्यासाठी काय आणलंस म्हणत पोह्यांची पुरचुंडी ओढून घेतो. एवढी सलगी, पण 'तुझी अशी दशा कशानं झाली?' असं मात्र एकदाही विचारत नाही. सुदाम्याला पुढे मिळालेल्या वैभवापेक्षा मला हे न विचारणंच मोठं वाटतं. मित्राची लाज त्यानं झाकून ठेवली.

तुम्हीही तसंच जा. एकटीच जा, सगळ्यांसमोर विषय काढू नका. गीतेच्या अकराव्या अध्यायात विश्वरूप पाहिल्यावर अर्जुन क्षमा मागतो ती सखा समजून थट्टेत झालेल्या अनादराची, एकांतातल्या आणि चारचौघांतल्याही. जवळच्या माणसाशी बोलतानाच आपला तोल अधिक सुटतो.

'का येत नाहीस?' असं विचारू नका. तो जाब वाटतो. 'यंदा तू बरोबर नसशील याचं मला वाईट वाटतंय. तुझं बरं आहे ना? सांगावंसं वाटलं तर सांग, नाहीतर चहा पिऊन जाते,' असं म्हणा आणि खरंच चहा पिऊन या. कारण दुखरा गुडघा असेल, पैशांची ओढ असेल, घरातलं काही असेल किंवा मनातून विठ्ठलच दूर गेल्यासारखा वाटत असेल. हे शेवटचं सांगायला सर्वांत अवघड असतं, म्हणून ती त्याविषयी बोलली तर लगेच उपदेश करू नका. नुसतं ऐका. 'जाऊ दे ना' म्हणाली तर विषय तिथंच सोडा, पण जाणं-येणं सोडू नका. पुढच्या महिन्यात पुन्हा जा, वारीचं नाव न काढता. ती जे सांगेल ते दिंडीत पोचता कामा नये. बायकांनी विचारलं तर 'तिला वाटेल तेव्हा तीच सांगेल' एवढंच म्हणा.

राहिला दोषाचा प्रश्न. अरणचे सावता माळी कधी पंढरीला गेले नाहीत, मळ्यातच राबत राहिले, असं आपली परंपरा सांगते. आणि पांडुरंगाची पालखी आजही पंढरपुराहून त्यांच्या भेटीला अरणला जाते. तुमच्या मैत्रिणीला कसला दोष लागायचा?