दोष कळल्यानंतर



गोष्ट एका सायकलीची आहे. पण तिच्यातून निघालेला प्रश्न आपल्यापैकी कुणापुढेही उभा राहू शकतो, म्हणून लिहीत आहे.

नातवाच्या बार मित्सवानिमित्त मी त्याला नवी सायकल घेऊन दिली. तीन आठवड्यांनी तो म्हणाला, "सबा, इथे रंगावर रेघ आली आहे." कुठे तरी घासली असेल असे वाटून मी रुमालाने पुसून पाहिले. रेघ गेली नाही. हँडलखालच्या नळीला फ्रेमची खालची दांडी जिथे जोडलेली असते, तिथे वेल्डिंगच्या कडेला केसासारखी बारीक रेघ होती आणि तिच्यातून गंजाचा तांबूस डाग बाहेर येत होता. मुंबईत मी बरीच वर्षे कारखान्यात काढली. रंगाचा ओरखडा निराळा आणि लोखंडाचा तडा निराळा, एवढे मला कळते. सायकल कुठे आपटली नव्हती. सांधाच मुळात नीट एकजीव झाला नव्हता. रस्त्यातल्या प्रत्येक खड्ड्याचा धक्का पुढच्या चाकातून त्याच सांध्यावर येतो. तडा थोडाथोडा वाढत जातो आणि एके दिवशी दांडी सुटून चालवणारा तोंडावर पडतो.

त्या संध्याकाळी माझे मेहुणे आले होते. ते म्हणाले, "भावोजी, दुकानदाराशी हुज्जत कशाला? वेल्डरकडून टाका मारून घ्या, वर रंग द्या आणि विकून टाका. कुणाला कळणार आहे?"

मेहुणे वाईट गृहस्थ नाहीत. चूक कारखान्याची, मग नुकसान आपण का सोसायचे, असा त्यांचा साधा हिशेब होता. पण तो हिशेब दोष कळेपर्यंतच खरा. कळल्यावर गप्प बसलो, तर दोषात आपलाही वाटा येतो.

आपल्या रांबामनी बाराव्या शतकात 'मिश्ने तोरा'मध्ये विक्रीचे नियम सांगताना नेमका याच गोष्टीवर बोट ठेवले आहे. मालात लपलेला दोष निघाला, तर कित्येक वर्षांनीही माल परत करता येतो. मात्र दोष कळल्यावरही तो वापरत राहिलात, तर तो हक्क गेला. आणि दोष ठाऊक असलेल्या विक्रेत्याने तो सांगितलाच पाहिजे, घेणारा यहुदी असो वा नसो. इस्राएलचा १९८१ चा ग्राहक संरक्षण कायदाही ठाऊक असलेला महत्त्वाचा दोष सांगण्याचे बंधन व्यापाऱ्यावर घालतो. आपले वाडवडील कोकणात तेलाचे घाणे चालवीत आणि लोक त्यांना शनवार तेली म्हणत. तेलात काय मिसळले आहे ते गिऱ्हाइकाला डोळ्यांनी दिसत नाही. विश्वासावरच तो धंदा चालतो.

म्हणून सायकल बंद केली आणि दुकानात परत नेली. दुकानदाराने थोडी खळखळ केली, पण पैसे दिले. प्रकरण मिटले असे मला वाटले.

पुढच्या आठवड्यात त्याच रस्त्याने जात होतो. तीच सायकल रांगेत उभी, किमतीची चिठ्ठी लावलेली! मी आत गेलो. दुकानदार म्हणाला, "तुमचे पैसे मिळाले ना? मग तुमचा काय संबंध?"

वाचकहो, खरे सांगतो, क्षणभर मला उत्तर सुचले नाही. व्यवहार संपला होता. कायद्याचे बंधन त्याच्यावर होते, माझ्यावर नव्हते. पण वायिक्रा ग्रंथाच्या १९ व्या अध्यायात आंधळ्याच्या वाटेत अडखळण ठेवू नये अशी आज्ञा आहे, ती आठवली. ज्याला ठाऊक नाही, तो त्या बाबतीत आंधळाच. ते अडखळण मी ठेवले नव्हते हे खरे. पण ते कुठे आहे हे जाणणारे आम्ही दोघेच होतो. मी म्हणालो, "माझा नातू त्यावर बसणार नाही, म्हणून तडा बुजत नाही. कुणाचा तरी नातू बसेलच."

तो रागावला. मग काही न बोलता चिठ्ठी काढून त्याने सायकल आत नेली. फ्रेमच्या खाली, पायडलचा आस बसतो तिथे ठोकलेला नंबर मी उतरवून घेतला आणि आयात करणाऱ्या कंपनीला पत्र पाठवले. एका फ्रेमचा सांधा कच्चा राहिला, तर त्याच वेळी बनलेल्या इतर फ्रेमचाही राहिलेला असू शकतो.

कंपनीचे उत्तर अद्याप नाही. नातू महिनाभर पायी शाळेत गेला आणि माझ्यावर थोडा रुसलाही. मेहुणे मला अजून हसतात. असो.

आपल्या घरातही मुलांच्या सायकली असतील. एकदा उलट्या करून त्यांचे सांधे नीट पाहा. आणि काही आढळले, तर कृपा करून गप्प बसू नका.