बॅटरी नीट धर

वडोदऱ्याच्या दांडिया बाजारातल्या आमच्या घरात बॅटरी धरणे हे एक रीतसर काम होते. वडील कचेरीतून आले, चहा झाला, की अंगणात स्कूटरपाशी पोते अंथरून बसत आणि मला हाक येई. दोन सेलची पत्र्याची बॅटरी घेऊन मी त्यांच्या खांद्यामागे उभी. वय नऊ-दहा. काम दिसायला सोपे, पण उजेड मागून आला की त्यांच्याच हाताची सावली नटावर पडे. फार जवळ धरला की पाना फिरवायला जागा उरत नसे. मन दुसरीकडे गेले की बॅटरी आपोआप कलंडे, आणि वडील मान न वळवता म्हणत, "नीट धर गं. माझा हात पोचायच्या आधी उजेड पोचला पाहिजे."

या वाक्याचा अर्थ लागायला मला दोनेक वर्षे गेली. हाताआधी उजेड पोचवायचा, तर हात पुढे कुठे जाणार हे ठाऊक हवे. प्लग काढून झाल्यावर कार्बोरेटरकडे वळायचे की पॉइंट बघायचे, हे बॅटरी धरणाऱ्यालाही उमगायला हवे. वडिलांनी मला इंजिन असे बसून कधी शिकवले नाही. बॅटरी धरायला लावली, आणि त्या उजेडात इंजिन मला आपसूक दिसू लागले.

गाडी अर्थातच बजाज चेतक. १९७२ साली ही स्कूटर आली आणि पुढची कितीतरी वर्षे नाव नोंदवून वाट बघितल्याशिवाय ती मिळत नसे. इतकी वाट बघून घरी आलेली वस्तू माणूस सहज दुसऱ्याच्या हाती सोपवत नाही. उजव्या बाजूचे फुगीर पत्र्याचे झाकण काढले की इंजिन समोर. त्यात लपवालपवी नव्हती. टू-स्ट्रोक इंजिन, पेट्रोलमध्येच ऑइल मिसळायचे, त्यामुळे प्लग काजळायचा. तो काढून पॉलिश पेपरने घासायचा, फुंकर मारायची, पुन्हा बसवायचा. एवढे त्या काळी वडोदऱ्यातल्या निम्म्या घरांत येत असावे.

पण क्लचची केबल तुटली की एकट्याचे काम नसे. केबल डाव्या मुठीपासून निघून स्कूटरच्या पोटातून खाली इंजिनापर्यंत जाते. नवी घालताना एकाने वरून ढकलायची, दुसऱ्याने खालून ओढायची. ढकलणारा घाई करतो तेव्हा ती मध्येच वाकते. ओढणारा जोर करतो तेव्हा वरचे टोक सुटते. शेवटी खालच्या नटात तार आवळताना एकाने क्लचचा दांडा रेटून धरायचा आणि दुसऱ्याने पाना फिरवायचा. शेजारचे काका न बोलावता येत. त्यांची बाही आधीच दुमडलेली असे. दोघे अर्धा तास फारसे बोलत नसत. "सोड." "थोडी अजून." "बस्स." माझ्या लहानपणी मैत्री या शब्दाला जे चित्र चिकटले ते हेच: एक माणूस वर, एक खाली, आणि दोघांच्या मधून सरकणारी ग्रीस लावलेली तार.

दुरुस्ती म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे एकटा कसबी माणूस येतो. मला वाटते, हे चित्र अपुरे आहे. घरगुती दुरुस्ती टिकून राहते ती तिच्याभोवती उभ्या राहणाऱ्यांमुळे, बॅटरी धरणारा, नट वाटीत जमा करणारा, "मागच्या वेळी डावीकडून काढला होता" याची आठवण देणारा. ही माणसे मदतनीस दिसतात. खरे तर विद्या पुढे जाते ती त्यांच्याच वाटेने.

मायकेल पोलान्यी या हंगेरीत जन्मलेल्या विचारवंताने १९६६ साली 'द टॅसिट डायमेन्शन' या छोट्या पुस्तकात मांडले, की माणसाच्या ज्ञानाचा मोठा भाग शब्दांत उतरतच नाही. मला त्याचा पुरावा प्लगपाशी मिळतो. प्लग किती आवळायचा? हाताने फिरवत पूर्ण बसवायचा, मग पान्याने थोडाच. हे "थोडाच" कागदावर लिहिता येत नाही असे नाही. पाव फेरा, अर्धा फेरा असे लिहिलेले असतेच. पण हेड अ‍ॅल्युमिनियमचे असते, आटे मऊ असतात, आणि बसता बसता पान्यातून मनगटाला एक बारीक प्रतिकार जाणवतो. तिथे थांबायचे. त्यापुढे गेलात तर आटे गेले, आणि आटे गेले की खर्च मोठा. तो प्रतिकार मला पहिल्यांदा कळला तेव्हा वडिलांचा हात माझ्या हातावर होता. त्यांनी फक्त दाब काढून घेतला आणि मला समजले. हल्ली मोबाइलवर हरेक गाडीच्या दुरुस्तीची चित्रफीत मिळते, मीही बघते, आणि त्या करणाऱ्यांचे उपकार मानते. पण चित्रफीत माझ्या मनगटावर हात ठेवत नाही.

हे मी वडोदऱ्यात बसून लिहिते आहे, आणि या शहराशी हाताच्या विद्येचे जुने नाते आहे. आमच्या दांडिया बाजारातल्या घरापासून चालत जाण्याच्या अंतरावर कलाभवन. सयाजीराव महाराजांनी १८९० साली ते सुरू केले. पहिले प्राचार्य त्रिभुवनदास गज्जर. शास्त्र आणि हस्तकौशल्य लोकांच्या स्वतःच्या भाषेतून शिकवावे, हा गज्जरांचा आग्रह होता. पुढे १९४९ साली महाराजा सयाजीराव विद्यापीठ झाले आणि कलाभवनाची तंत्रशाखा त्यात गेली. ज्या काळात शिक्षण म्हणजे कारकुनी असे समीकरण पक्के होते, त्या काळात एका संस्थानाने हात काळे करण्याच्या विद्येसाठी इमारत बांधली, ही मला फार मोठी गोष्ट वाटते.

दादासाहेब फाळके याच कलाभवनात शिकले. त्यांची गोष्ट आपण सांगतो ती यंत्राने वेडावलेल्या एका माणसाची. १९१२ मध्ये ते लंडनहून विल्यमसन कॅमेरा घेऊन आले, घरीच तो चालवून बघितला, १९१३ मध्ये 'राजा हरिश्चंद्र' पडद्यावर आणला. पण मला त्या गोष्टीत सरस्वतीबाई दिसतात. कच्च्या फिल्मच्या कडांना भोके पाडायचे काम अंधारात करावे लागे. ते त्यांनी केले. फिल्म धुण्याची रसायने त्यांनी मिसळली. चित्रीकरणात उन्हात पांढरी चादर धरून उजेड परतवायला त्या उभ्या राहिल्या. हात पोचायच्या आधी उजेड पोचला पाहिजे, हे त्यांना कुणी सांगावे लागले नसणार. भारतीय चित्रपटाच्या जन्माच्या वेळी बॅटरी धरणारी ती बाई होती, आणि तिला अख्खे यंत्र कळत होते.

इथे एक सल आहे, तो सांगते. आमच्या घरात पाना माझ्या आधी धाकट्या भावाच्या हाती गेला. मी तीन वर्षे बॅटरी धरली होती, तो तीन आठवडे उभा राहिला होता. वडील वाईट नव्हते. त्यांच्या डोक्यातच आले नाही. एकदा भाऊ आजारी होता आणि सकाळी त्यांना गाडी हवीच होती, म्हणून मला म्हणाले, "तू काढतेस का प्लग?" मी काढला, साफ केला, लावला. ते बघत राहिले. त्यानंतर दोघांना आळीपाळीने पाना मिळू लागला. खंडेनवमीला आमच्याकडे पाने, पक्कड, कानस, हातोडी पाटावर मांडून हळदकुंकू वाहतात. त्या दिवशी हत्यार चालवायचे नाही असा दंडक. त्या वर्षी पाटावर हत्यारे मांडायला त्यांनी मला सांगितले. इतकी वर्षे ते काम त्यांचे होते.

त्या पाटावरच्या एका वस्तूचे नाव पुण्याच्या पाहुण्यांना कधी कळत नसे. आम्ही तिला डिसमिस म्हणतो. गुजराती शब्द. स्क्रूड्रायव्हर, पेचकस, काहीही म्हणा, वडोदऱ्यातल्या मराठी घरात "डिसमिस आण" म्हटले की पोर बरोबर तीच वस्तू आणते. गायकवाडांबरोबर आलेली आमची मराठी इथे जवळजवळ तीनशे वर्षे राहिली, आणि गुजरातीशी तिची खरी देवघेव कामाच्या जागी झाली असे मला वाटते. ज्याच्याबरोबर नट सोडवता त्याचा शब्द तुमच्या तोंडी बसतो.

२०२४ च्या ऑगस्टमध्ये, जन्माष्टमीच्या सुमारास, विश्वामित्रीला पूर आला. नदीची धोक्याची पातळी २६ फूट. पाणी ३५ फुटांच्या वर गेले. मी आता समा भागात राहते. आमच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये छातीभर पाणी होते आणि ते ओसरायला दोन-तीन दिवस लागले. ओसरल्यावर दिसल्या त्या भिंतीला टेकून आडव्या झालेल्या, चिखलाने माखलेल्या दुचाक्या. दूध आणायला, आईबापांची औषधे आणायला प्रत्येकाला गाडी हवी होती. गॅरेजांपुढे रांगा.

एक तरुण शेजारी खाली उतरला आणि किल्ली लावू लागला. वरच्या गॅलरीतून एका खत कारखान्यातून निवृत्त झालेले फिटर काका ओरडले, "अरे, सेल्फ मारू नकोस!" त्या एका हाकेने किती इंजिने वाचली असतील! हवा दाबली जाते, पाणी दाबले जात नाही. सिलिंडरमध्ये पाणी असताना इंजिन फिरवले तर पिस्टन त्या पाण्यावर आदळतो आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. नुसते भिजलेले इंजिन दोन तासांत चालू होते; वाकलेला रॉड आठवडाभराचे आणि हजारोंचे काम.

मग आम्ही बसलो. काका, मी, दुसऱ्या मजल्यावरच्या शिवणकाम करणाऱ्या बेन, आणि तीन-चार पोरे. आधी बॅटरीची वायर सोडायची. प्लग काढायचा. प्लग काढलेल्या भोकातून पाणी उडेल, म्हणून तोंड बाजूला, आणि मग किक मारायची. पहिल्या गाडीतून गढूळ पाण्याची पिचकारी उडाली. पोरे मागे सरली, बेन हसल्या. एअर फिल्टरचा कागद लगदा झालेला, तो टाकायचा. कार्बोरेटरच्या वाटीचा स्क्रू सैल करून आतले पाणी-पेट्रोल सोडायचे. खालचा बोल्ट काढून ऑइल बघायचे. दुधाळ चहासारखे दिसले तर पाणी मिसळले आहे. पाऊण लिटर नवे घालायचे, थोडे चालवून तेही बदलायचे. बारीक जेटमध्ये गाळ अडकला होता. बेननी शिलाई मशीनच्या डब्यातला मऊ ब्रश आणला आणि इतक्या हलक्या हाताने तो साफ केला की काका म्हणाले, "बेन, तमे अत्यार सुधी क्यां हतां?" (आत्तापर्यंत होतात कुठे?) चाळीस वर्षे बॉबिन आणि दोऱ्याचा ताण सांभाळणाऱ्या बोटांना जेट म्हणजे काय अवघड? कसब यंत्र ओळखते, यंत्राची जात नाही विचारत.

नऊपैकी सहा गाड्या संध्याकाळपर्यंत चालू झाल्या. दोन नव्या होत्या, त्यांना आम्ही हात लावला नाही.

या नव्या गाड्यांचा विचार मी पुष्कळ केला आहे. १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ आले, कार्बोरेटर जाऊन इंजेक्शन आले, सेन्सर आले. धूर कमी झाला, आणि टू-स्ट्रोकच्या निळ्या धुरात लहानपण गेलेली मी त्याविरुद्ध बोलणार नाही. पण दोष काय आहे हे विचारायला आता यंत्र लागते, आणि ते यंत्र कंपनीच्या माणसाकडे. केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने जुलै २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली, डिसेंबरमध्ये पोर्टल उघडले, आणि त्यात वाहनेही घेतली. चांगली सुरुवात. माहितीपुस्तिका आणि सुटे भाग मालकाला मिळायलाच हवेत. त्याबरोबर आणखी एक हवे, ते कुठल्या पोर्टलवर मागावे मला कळत नाही: जागा. पोते अंथरायला अंगण, ऑइल सांडले तरी चालेल अशी फरशी, दोन माणसांना वाकून बसता येईल असा कोपरा. मी आधी राहत होते त्या सोसायटीत पार्किंगमध्ये दुरुस्ती करण्यास मनाई, असा फलकच होता. अशा ठिकाणी मुले बॅटरी धरायला उभी राहणार कुठे?

जानेवारीत उत्तरायणाआधी आमच्याकडे एक काम हमखास निघते. मांजाने गळा कापू नये म्हणून दुचाकीच्या पुढे, एका आरशापासून दुसऱ्या आरशापर्यंत, पातळ सळईची कमान बसवतात. आरशाचा नट सैल करायचा, सळईचे टोक त्याखाली घ्यायचे, पुन्हा आवळायचा. दहा मिनिटांचे काम. या वर्षी खालच्या घरातली आठवीतली मुलगी आईचा मोबाइल घेऊन आली, उजेड दाखवायला. अंधार पडला होता. डावा आरसा झाला. उजव्याचा नट मी नेहमीप्रमाणे सोडवू लागले तर तो हलेना. काही गाड्यांना उजव्या आरशाचे आटे उलटे असतात, हे मला ठाऊक असूनही हात सवयीने गेला होता. मी थांबले, पाना उलटा फिरवला, नट सुटला. ती बघत होती, काही बोलली नाही.

दुसरी स्कूटर त्याच कंपनीची होती. डावा आरसा आवळला आणि मी उठले. उजेड माझ्या आधीच उजवीकडे गेला होता, आणि तिच्या दुसऱ्या हातात पाना होता, उलट्या बाजूने धरलेला.